प्रवेशपरीक्षेचा विषय आणि विद्यार्थ्याची भाषा : रायपूरचा दाखला

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मुद्रणालये, नियतकालिके, ग्रंथसंग्रहालये आणि संमेलने यांची दखल विस्ताराने घेतली जाते. परीक्षा मात्र लेखकाच्या चरित्रातील एका ओळीत आटोपते : अमुक साली एंट्रन्स, अमुक साली बी.ए. या एका ओळीमागे दोन-तीन वर्षांची तयारी असते. कोणता विषय घ्यायचा, तो कोणाकडून शिकायचा, कोणत्या भाषेतील पुस्तकातून पाठ करायचा आणि कोणत्या भाषेत उत्तरपत्रिकेत उतरवायचा, हे सारे त्या काळात ठरते. लेखक पुढे कोणत्या भाषेत लिहील याचा निर्णय बहुधा त्याच्या प्रतिभेवर किंवा देशप्रेमावर सोपवला जातो. त्या निर्णयाचा काही भाग विद्यापीठाच्या विषयपत्रिकेने आधीच उरकलेला असतो, ही गोष्ट तुलनाकारांच्या नजरेतून सहसा निसटते. रायपूरच्या दाखल्यावरून ती अधिक स्पष्ट दिसते. मराठी, हिंदी, छत्तीसगढी, बंगाली आणि इंग्रजी या पाच भाषांचा वावर असलेल्या या शहराला १९६४ पर्यंत स्वतःचे विद्यापीठ नव्हते. त्यामुळे येथील विद्यार्थ्याला प्रवेशाची तयारी नेहमी दूरच्या, दुसऱ्याच भाषिक प्रदेशातील विद्यापीठासाठी करावी लागली.

रायपूरचे मराठीपण भोसल्यांच्या राज्याबरोबर आले. अठराव्या शतकाच्या मध्यास छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली गेले आणि रतनपूरला बिंबाजी भोसल्यांची राजधानी झाली. कारभाराचे केंद्र पुढे रायपूरला हलले. कारकून, सावकार, पुरोहित आणि शिलेदार यांच्याबरोबर मराठी भाषा व मोडी लिपी दप्तरात आणि घरांत स्थिरावली. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि रायपूरची गणना या प्रांताच्या हिंदी जिल्ह्यांत झाली. ज्या घरांत मराठी बोलली जात होती त्या घरांतील मुलांना आता शाळेत हिंदी हीच देशभाषा म्हणून शिकावी लागली. मराठी घरात राहिली, दप्तरातून गेली आणि शाळेत जवळजवळ आलीच नाही. तात्यापारासारख्या वस्तीचे नाव आजही त्या जुन्या वस्तीची खूण सांगते. पण वस्तीचे नाव टिकणे आणि भाषा परीक्षेचा विषय असणे या फार वेगळ्या गोष्टी होत.

कलकत्ता विद्यापीठाची स्थापना १८५७ च्या जानेवारीत झाली आणि त्याच वर्षी पहिली एंट्रन्स परीक्षा घेण्यात आली. तिला २४४ उमेदवार बसले. मध्य प्रांतातील शाळा दीर्घकाळ याच विद्यापीठाच्या परीक्षांकडे पाहून चालत होत्या. परीक्षेचे विषय मोजके होते : इंग्रजी, दुसरी एक भाषा, इतिहास-भूगोल आणि गणित. आरंभीच्या नियमांनुसार इतिहास, भूगोल व गणित यांची उत्तरे देशभाषेतही लिहिता येत. १८६० च्या दशकाच्या प्रारंभीच ही सवलत गेली आणि भाषेचा पेपर वगळता सर्व विषयांची उत्तरे इंग्रजीत लिहिणे आवश्यक झाले. त्याच दशकात वरच्या परीक्षांतून देशभाषा हटवून तिच्या जागी संस्कृत, अरबी, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषा आणण्यात आल्या. देशभाषा एंट्रन्सच्या उंबरठ्यापर्यंत चालत असे, उंबरठ्याच्या आत तिला जागा नव्हती.

हे केवळ कलकत्त्यातच घडले असे नाही. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली. तीत उत्तीर्ण झालेल्या एकवीस जणांमध्ये महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. तेथेही मराठीला पुढील परीक्षांतून वगळण्यात आले आणि तिला परत आणण्यासाठी रानड्यांना आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत सिनेटमध्ये झगडावे लागले. कलकत्त्यात तशीच मागणी आशुतोष मुखर्जींनी १८९१ मध्ये केली, ती फेटाळली गेली. पुणे-मुंबईच्या विद्यार्थ्याला मराठी वगळली गेल्याची तक्रार करता येत होती, कारण मराठी तेथे एकेकाळी आत होती. रायपूरच्या मराठी विद्यार्थ्याला ती तक्रारही उपलब्ध नव्हती. त्याच्या शाळेची देशभाषा मुळातच दुसरी होती.

या तयारीचे एक विलक्षण प्रकरण रायपूरशी निगडित आहे, मात्र ते मराठी नाही. १८७७ मध्ये कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपूरला आले आणि त्यांनी कुटुंबालाही तेथे आणले. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा नरेंद्रनाथ, म्हणजे पुढील काळातील स्वामी विवेकानंद, सुमारे दोन वर्षे रायपुरात राहिला. रेल्वे अजून रायपूरला पोचलेली नव्हती. नागपूरच्या बाजूने पुढचा प्रवास बैलगाडीने करावा लागे. त्याच्या शिक्षणाला साजेशी शाळा रायपुरात नसल्याने या मुलाचे औपचारिक शिक्षण खंडित झाले. वडिलांशी व त्यांच्याकडे येणाऱ्या विद्वानांशी होणारी चर्चा हीच त्याची शाळा, असे चरित्रकार सांगतात. १८७९ मध्ये कुटुंब कलकत्त्याला परतले तेव्हा त्याच्यापुढे एंट्रन्स उभी होती. राहिलेल्या वर्षांचा अभ्यासक्रम त्याने अल्पावधीत पुरा केला, पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला आणि प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाला. परीक्षेला दोन-तीन दिवस उरले असताना आपल्याला भूमिती जवळजवळ येत नाही हे त्याच्या ध्यानात आले आणि रात्र जागवून त्याने चोवीस तासांत भूमितीचे चार भाग आत्मसात केले, अशी आठवण चरित्रांतून नमूद झाली आहे.

चरित्रकारांना या आठवणीत असामान्य बुद्धीचा पुरावा दिसतो. तो आहेच. पण परीक्षेच्या इतिहासाच्या दृष्टीने तिच्यात दुसरेही काही आहे. नेमकी भूमितीच मागे का पडली? भाषा, इतिहास आणि तत्त्वविचार ही दिवाणखान्यातील संभाषणातून शिकता येतील अशी क्षेत्रे होती, आणि रायपूरच्या दोन वर्षांत ती त्याला मिळाली. भूमितीला पाटी, प्रमेयांचा क्रम आणि नियमित शिक्षक लागतो. शाळेविना राहिलेल्या मुलाची उणीव बरोबर त्याच विषयात उघडी पडली. परीक्षा सर्वांना समान प्रश्न विचारते, परंतु तयारीची साधने विषयागणिक वेगळी असतात आणि ती गावागावांत सारखी वाटलेली नसतात. कलकत्त्याच्या घरी परतण्याची सोय असल्यामुळे दत्त कुटुंबातील मुलाला ही उणीव भरून काढता आली. रायपुरातच राहणाऱ्यांना ती सोय नव्हती.

पुढील दशकात परिस्थिती पालटली. लोहमार्ग आला, सरकारी हायस्कूल सुस्थिर झाले आणि रायपूरची मुले गावात राहून एंट्रन्सची तयारी करू लागली. ही तयारी म्हणजे काय असे, याची कल्पना त्या काळच्या टीकेवरून येते. इंग्रजीसाठी विद्यापीठ पाठ्यपुस्तक नेमून देई. त्या पुस्तकावर टिपा, अर्थ, स्पष्टीकरणे आणि संभाव्य प्रश्नोत्तरे देणाऱ्या कुंज्यांचा बाजार कलकत्त्यात भरभराटीला आला होता. विद्यार्थी मूळ पुस्तकापेक्षा कुंजी अधिक वाचतो, ही लॉर्ड कर्झनच्या काळातील नित्याची तक्रार. १९०२ च्या विद्यापीठ आयोगाने तर एंट्रन्ससाठी इंग्रजीचे पाठ्यपुस्तकच नेमू नये, असा उपाय सुचवला. घोकंपट्टीला दोष देणे सोपे होते. पण मराठीतून विचार करणाऱ्या, हिंदीतून प्राथमिक शिक्षण घेतलेल्या आणि इंग्लंडच्या इतिहासाचे उत्तर इंग्रजीत लिहिण्यास बांधलेल्या मुलापुढे घोकण्यावाचून कोणता मार्ग होता, याचे उत्तर कर्झनच्या टीकेत सापडत नाही. परक्या भाषेत स्वतःचे वाक्य रचण्याची जोखीम परीक्षेच्या दिवशी कोणता शहाणा विद्यार्थी पत्करील?

कुंजीचे स्वरूप तुलनाकाराने नीट पाहण्यासारखे आहे. इंग्रजी शब्द, त्याचा पर्याय, वाक्याचा अन्वय, संदर्भाची टीप, मग सारांश असा तिचा क्रम असे. प्रत्यक्षात हा भाषांतराचा आणि टीकेचा प्राथमिक सराव होय. हजारो मुलांनी तो केला आणि परीक्षेनंतर विसरून टाकला. मोजक्या काहींच्या हातून मात्र त्यातून वेगळेच काही निपजले.

त्यांपैकी माधवराव सप्रे यांचा विचार येथे जरा सविस्तर करावा लागतो. त्यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे मराठी कुटुंबात झाला. प्राथमिक शिक्षण बिलासपूरला आणि पुढचे रायपूरच्या सरकारी हायस्कुलात झाले. तेथे नंदलाल दुबे या शिक्षकांमुळे त्यांना हिंदी साहित्याची गोडी लागली. १८९० मध्ये ते एंट्रन्स उत्तीर्ण झाले. त्यानंतरचे शिक्षण जबलपूर, ग्वाल्हेर, नागपूर असे अडखळत आणि मध्ये व्यवसायाचा प्रयत्न करत झाले. शतकाच्या अगदी अखेरीस कलकत्ता विद्यापीठाची बी.ए. पदवी त्यांच्या हाती आली. सरकारी नोकरीकडे न वळता ते पेंड्रा येथील राजकुमाराचे शिक्षक झाले. तयारी करणारा आता तयारी करवून घेणारा झाला. त्या वेतनातून शिल्लक टाकून त्यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. त्यांचे सहकारी होते रामराव चिंचोलकर आणि वामन बळीराम लाखे, दोघेही मराठीभाषक. मासिक १९०२ अखेर बंद पडले. तीन वर्षांच्या आयुष्यात त्याने हिंदी ग्रंथसमीक्षेला जे वळण दिले त्याची नोंद हिंदीच्या इतिहासकारांनी घेतली आहे. १९०१ मध्ये त्यात आलेली सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा हिंदीतील पहिली आधुनिक कथा की नव्हे, हा वादही परिचित आहे.

तीन मराठी तरुणांनी हिंदी मासिक का काढावे, या प्रश्नाला रूढ उत्तर आहे ते राष्ट्रभाषेच्या जाणिवेचे. सप्र्यांच्या पुढील आयुष्यावरून ते खोटे ठरत नाही. १९०७ मध्ये त्यांनी नागपूरहून ‘हिंदी केसरी’ सुरू केला, १९२४ मध्ये देहराडूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. परंतु या उत्तरात काळाची उलटापालट आहे. पंचविशीतील ध्येयवाद पंधराव्या वर्षीच्या शाळेला लागू करता येत नाही. रायपूरच्या हायस्कुलात देशभाषा म्हणून हिंदी शिकवली जात होती. साहित्य म्हणून वाचण्याची, व्याकरण म्हणून तपासण्याची, निबंध म्हणून लिहिण्याची सवय तेथील मराठी मुलाला हिंदीतच लागत होती. मराठी ही त्यांची आपुलकीची भाषा असेल, पण लेखी शिस्तीची भाषा हिंदी आणि इंग्रजी होती. ‘छत्तीसगढ मित्र’ काढण्यापूर्वी त्याची भाषा शाळेने ठरवून टाकली होती, हे विधान सप्र्यांच्या कर्तृत्वाला उणेपणा आणत नाही. उलट त्यांनी पुढे जे केले ते त्यामुळे अधिक उठून दिसते. परीक्षेत जागा नसलेली मराठी त्यांनी अनुवादाच्या वाटेने आपल्या लेखनात परत आणली. समर्थांचा ‘दासबोध’, टिळकांचे १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘गीतारहस्य’ आणि चिंतामण विनायक वैद्य यांची महाभारत-मीमांसा ही तिन्ही हिंदी वाचकापर्यंत सप्र्यांच्या लेखणीतून पोचली.

त्यांचे आणखी एक काम अनुवादांच्या मानाने दुर्लक्षित आहे, आणि प्रस्तुत विषयाशी त्याचाच सर्वांत निकटचा संबंध आहे. काशीच्या नागरीप्रचारिणी सभेने विसाव्या शतकाच्या आरंभी वैज्ञानिक परिभाषेचा हिंदी कोश सिद्ध केला. त्यातील अर्थशास्त्राच्या परिभाषेचे काम सप्र्यांकडे होते. कोशाचे विभाग पाहावेत : भूगोल, ज्योतिष, अर्थशास्त्र, रसायन, गणित, पदार्थविज्ञान, तत्त्वज्ञान. ही विभागणी भारतीय शास्त्रपरंपरेची नाही, विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकांची आहे. ज्यांनी हे विषय इंग्रजीत पाठ करून परीक्षा दिल्या, त्यांनीच दहा वर्षांनी त्या विषयांना देशी शब्द दिले. परिभाषाकोश म्हणजे एका अर्थी उलट दिशेने सोडवलेली प्रश्नपत्रिका होय. विद्यार्थ्याने देशी भाषेतून इंग्रजीत जाण्यासाठी जी वाट तुडवली, त्याच वाटेने कोशकार परत आला.

सप्र्यांचा दाखला मोहक आहे, म्हणून सावधगिरी बाळगणे बरे. त्यांच्याबरोबर रायपुरातून एंट्रन्स देणारी इतर मराठी मुले कारकून, वकील, शिक्षक झाली. अनुत्तीर्ण झालेल्यांची नावेही उरलेली नाहीत. परीक्षेच्या ओझ्यातून अनुवादक निर्माण होतात असा नियम बांधता येणार नाही. वामनराव लाख्यांचे उदाहरण घ्यावे. त्यांनी पदवीनंतर वकिली केली आणि ते रायपूरच्या सहकारी चळवळीचे आधारस्तंभ झाले. शहराने त्यांचे नाव शाळेला दिले, पण वाङ्मयेतिहासात ते सप्र्यांच्या मासिकाचे भागीदार म्हणूनच येतात. परीक्षेच्या तयारीने भाषांची ये-जा करण्याची क्षमता अनेकांना दिली, तिचा उपयोग करण्याची निकड फार थोड्यांना वाटली, एवढेच म्हणता येते.

विषयपत्रिकेतून सर्वस्वी वगळलेली भाषा कोणती, हे पाहिल्यावाचून चित्र पुरे होत नाही. ती छत्तीसगढी. मराठी दुसऱ्या जिल्ह्यात तरी परीक्षेचा विषय होती, छत्तीसगढी कुठेच नव्हती. तरीही तिचे पहिले व्याकरण परीक्षेच्याच जगातील एका माणसाने लिहिले. हीरालाल काव्योपाध्याय यांचा जन्म १८५६ चा. त्यांनी जबलपूरहून १८७४ मध्ये प्रवेशपरीक्षा दिली, रायपूरच्या जिल्हा शाळेत शिक्षकी केली आणि पुढे धमतरीच्या शाळेचे ते मुख्याध्यापक झाले. त्यांचे छत्तीसगढी व्याकरण १८८५ चे. जॉर्ज ग्रियर्सन यांनी १८९० मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. दिवसभर मुलांना नेमलेले विषय शिकवणाऱ्या शिक्षकाने नेमलेला नसलेला विषय स्वतःसाठी निवडला, ही त्या काळातील असाधारण घटना होय. तिचा परीक्षेवर परिणाम झाला नाही. छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा २००७ मध्ये मिळाला. विद्यापीठीय प्रवेशाच्या अखिल भारतीय भाषासूचीत ती अद्याप नाही.

रायपूरच्या बंगाली वस्तीतून निघालेला हरिनाथ डे हा याच कथेचा दुसरा टोकाचा भाग. त्याचा जन्म १८७७ चा. त्याचे वडील भूतनाथ डे रायपूरला होते आणि मुलाचे आरंभीचे शिक्षण तेथेच झाले. पुढे कलकत्त्याचे प्रेसिडेन्सी कॉलेज आणि केंब्रिजचे क्राइस्ट्स कॉलेज असा त्याचा मार्ग. केंब्रिजमध्ये ग्रीक भाषा १९१९ पर्यंत अनिवार्य होती. डे याने केवळ ती अट पार पाडली नाही, तर अभिजात भाषांच्या ट्रायपॉसमध्ये प्रावीण्य मिळवले. १९०७ मध्ये तो कलकत्त्याच्या इंपिरियल लायब्ररीचा पहिला भारतीय ग्रंथपाल झाला आणि १९११ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, वारला. त्याला चौतीस भाषा अवगत होत्या असे सांगितले जाते. सप्र्यांनी परीक्षेची भाषा शिकून घराकडे तोंड वळवले. डे परीक्षांच्या मागून भाषांच्या मागे निघाला आणि एकामागून एक भाषा विषय म्हणून जिंकत गेला. भाषाज्ञानाला परीक्षेचे स्वरूप आले की त्याला शेवट राहत नाही. त्याच्या अल्प आयुष्यातील अफाट आणि बऱ्याचशा अपुऱ्या राहिलेल्या कामाकडे पाहताना हा विचार टाळता येत नाही.

याच काळात रायपूरला परीक्षेवाचून शिक्षणाचीही एक संस्था होती, हे जाता जाता नोंदवावे. जबलपूरला १८८२ मध्ये निघालेली राजकुमारांची शाळा १८९४ मध्ये रायपूरला आली. तेथे प्रवेशासाठी विषयाची नव्हे, कुळाची चाचणी होती.

१९०४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर विद्यापीठांच्या कार्यक्षेत्रांची फेरमांडणी झाली आणि मध्य प्रांत अलाहाबाद विद्यापीठाकडे गेला. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले, १९४६ मध्ये सागर विद्यापीठ आले आणि १९६४ मध्ये रायपूरचे रविशंकर विद्यापीठ. शहर जागेवरच होते, विद्यापीठाचा पत्ता बदलत राहिला. कलकत्ता, अलाहाबाद, नागपूर, सागर असा हा प्रवास साठ-सत्तर वर्षांत झाला. पत्ता बदलला की परीक्षकाची भाषा, पाठ्यपुस्तकांचे प्रकाशक आणि चालू कुंज्या बदलत. आजोबा कलकत्त्याचे, वडील नागपूरचे आणि नातू सागरचे पदवीधर, असा क्रम एकाच घरात संभवत असे. यांतील नागपूरचा कालखंड मराठीच्या दृष्टीने सर्वांत अनुकूल होता. १९२२ पासून मध्य प्रांताने हायस्कुलांत देशभाषा माध्यम म्हणून स्वीकारली, आणि नव्या विद्यापीठात हिंदी व मराठी शेजारी बसल्या. रायपूरचा विद्यार्थी आता अमरावती-नागपूरच्या विद्यार्थ्याबरोबर एकाच परीक्षेत होता. रायपूरचे महाराष्ट्र मंडळ १९३५ मध्ये, म्हणजे याच कालखंडात, स्थापन झाले आणि १९३८ मध्ये छत्तीसगड कॉलेज निघाल्यावर उच्च शिक्षणासाठी गाव सोडण्याची सक्ती संपली.

परिभाषेचा जुना प्रश्न या वेळी पुन्हा वर आला, आणि आता त्यामागे राज्यसत्ता होती. रायपुरात वकिली केलेले रविशंकर शुक्ल १९४६ पासून १९५६ पर्यंत मध्य प्रांताचे आणि पुढे मध्य प्रदेशाचे मुख्यमंत्री होते. त्यांच्या शासनाच्या पाठबळावर डॉ. रघुवीर यांनी नागपुरात संस्कृताधारित परिभाषेचे प्रचंड काम हाती घेतले. हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना एकच परिभाषा चालावी, म्हणजे दोन्ही भाषांतील विद्यार्थ्यांना एकच शास्त्र समान शब्दांत शिकता येईल, ही त्यामागची दृष्टी. सप्र्यांच्या पिढीने परीक्षेनंतर शब्द शोधले. रघुवीरांच्या योजनेत शब्द परीक्षेच्या आधी तयार असणार होते. या शब्दांची क्लिष्टता पुष्कळ थट्टेचा विषय झाली, आणि काही अंशी ती थट्टा रास्तही होती. परंतु थट्टा करणाऱ्यांनी इंग्रजी संज्ञा पाठ करताना विद्यार्थ्याला होणारे कष्ट सहसा मोजले नाहीत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, रायपूर मध्य प्रदेशात राहिले. जोडभाषेच्या कल्पनेचा प्रशासकीय आधारच तुटला.

त्याच वर्षी रायपुरात खाणकाम व धातुविद्येचे शासकीय महाविद्यालय निघाले. तेच २००५ मध्ये राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था झाले. भिलाईच्या पोलाद कारखान्याबरोबर देशभरातून कुटुंबे आली आणि रायपूर-दुर्ग-भिलाई या पट्ट्यात शिकवणीवर्गांचे नवे जग उभे राहिले. २००० मध्ये राज्य स्वतंत्र झाल्यावर २००३ मध्ये हिदायतुल्ला राष्ट्रीय विधी विद्यापीठ, २०१० मध्ये भारतीय व्यवस्थापन संस्था, २०१२ मध्ये एम्स अशा निवडक प्रवेशाच्या संस्था शहरात आल्या. शंभर वर्षे विद्यापीठ दूर होते म्हणून रायपूरची मुले बाहेर जात. आता विद्यापीठ शेजारी आले, पण त्याची परीक्षा दूरच राहिली. विधी विद्यापीठात प्रवेश देणारी क्लॅट परीक्षा केवळ इंग्रजीत होते. ती इतर भारतीय भाषांतही घ्यावी, अशी याचिका २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाखल झाली. हायस्कुलात हिंदीतून नागरिकशास्त्र शिकलेल्या मुलाला गावाबाहेरच्या त्या परिसरात शिरण्यासाठी पुन्हा १८६० च्या दशकातील नियमासारखाच नियम ओलांडावा लागतो.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना या वादाची एक बाजू निकटची वाटेल. बुद्धदेव बसू यांनी १९५६ मध्ये जादवपूरला स्थापिलेल्या तौलनिक साहित्य विभागात विद्यार्थी निवडताना स्वतंत्र प्रवेशपरीक्षा घेतली जाई. २०१८ च्या जुलैमध्ये विद्यापीठाच्या कार्यकारी मंडळाने मानव्यविद्यांच्या सहा विषयांतील ही परीक्षा रद्द करून शालान्त गुणांवर प्रवेश देण्याचे ठरवले. विद्यार्थ्यांनी उपोषण केले आणि थोड्याच दिवसांत निर्णय मागे घेण्यात आला. परीक्षेविरुद्ध नव्हे, परीक्षेसाठी विद्यार्थी उपोषणाला बसले, ही उलटी वाटणारी घटना समजण्याजोगी आहे. तौलनिक साहित्य हा शालेय विषयच नाही. शालान्त गुणांवरून त्याची पात्रता कशी ठरवणार? दोन भाषांतील वाचन एकत्र आणून चार परिच्छेद लिहिता येतात की नाही, हे लिहायला लावल्यावाचून कळत नाही.

केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ मध्ये आलेल्या सामाईक प्रवेशपरीक्षेने, म्हणजे सीयूईटीने, नेमका उलट मार्ग घेतला. तीत तेरा भाषा, शालेय विषयांवर आधारित विषयवार चाचण्या आणि एक सामान्य चाचणी असे पर्याय आहेत. प्रश्न बहुपर्यायी, वेळ मोजका. मराठी या तेरा भाषांत आहे, आणि हा फरक क्षुल्लक मानता येणार नाही. १८९० च्या रायपूरमध्ये मराठी मुलाला जो विषय मिळत नव्हता तो आज अखिल भारतीय सूचीत छापलेला आहे. पण ज्या घरात मराठी बोलली जाते आणि शाळेत हिंदी किंवा इंग्रजी, त्या घरातील मुलाला मराठीचा विषय निवडण्यासाठी लागणारी वाचनाची सवय कोण लावणार? चार पर्यायांतून समानार्थी शब्द ओळखणे हे भाषेचे ज्ञान आहे. पण सप्र्यांना उपयोगी पडले ते ज्ञान या प्रकारचे नव्हते. ते वाक्य तोडून दुसऱ्या भाषेत पुन्हा बांधण्याचे होते आणि ते लेखी उत्तरातून, कुंजीच्या रुक्ष सरावातून का होईना, आलेले होते. एंट्रन्सने मराठीला विषयपत्रिकेबाहेर ठेवले, तरी भाषांतराचा कस लावला. सीयूईटीने मराठीला आत घेतले, भाषांतराला मात्र जागा ठेवली नाही. यांतले अधिक नुकसानकारक कोणते, हे ठरवताना पहिल्या परीक्षेविषयी हळवे होण्याचे कारण नाही. तिने किती मुले बाहेर ठेवली हे विसरून चालणार नाही. दुसरीच्या व्याप्तीमुळे तिचा उथळपणा झाकून जातो, हेही तितकेच खरे.

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत मराठी प्रश्नपत्रिका २०१७ पासून उपलब्ध आहे. इंग्रजी, हिंदी आणि उर्दू प्रश्नपत्रिका देशातील सर्व केंद्रांवर मिळतात, मराठी प्रश्नपत्रिका मात्र फक्त महाराष्ट्रातील केंद्रांवर. अभियांत्रिकीच्या जेईई मेनमध्येही मराठीला हीच मर्यादा आहे. रायपूरच्या केंद्रावर बसणाऱ्या मराठीभाषक मुलाला जीवशास्त्राचा प्रश्न मराठीत वाचता येत नाही. रायपूरहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड मागे पडले की काही वेळात राज्याची सीमा येते आणि पुढे गोंदिया लागते. तोच विषय, तोच प्रश्न आणि तेच चार पर्याय त्या सीमेपलीकडे मराठीत छापलेले असतात.